निनावी अर्जाची पोच

३ जून
…आणि वर मलाच म्हणतो, "तू अजून नवा आहेस." दोन वर्षं झाली मला या ऑफिसात. नवा म्हणे. रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या कमरेला लटकल्या की माणूस स्वतःला साहेब समजायला लागतो. मी त्याचं नाव जुडगा ठेवलंय. शिपाई तोही, शिपाई मीही. दोघंही कंत्राटी. महिनाअखेरीला दोघांतला एकच कायम होणार. आईला मी फोनवर सांगून मोकळा झालोय की झालोच म्हणून समज.
निश्चय: जळायचं नाही.

४ जून
हेडक्लार्क बाई त्याला 'अहो' म्हणतात, मला 'ए'. जळत नाहीये, नुसती नोंद करतोय.
पण एक हेरलं. संध्याकाळी जाताना त्याची पिशवी टम्म फुगलेली असते. फायली. दुसरं काय असणार?

५ जून, जेवणाची सुट्टी
निनावी अर्ज लिहिला. सातवीपर्यंत शिकलो त्याचं चीज झालं. अक्षर मुद्दाम वाकडं काढलं, फार कष्ट पडले नाहीत. 'फायली पळवणाऱ्या इसमास काढावे व लायक इसमास कायम करावे.' लायक कोण ते लिहिलं नाही. एवढी अक्कल आहे.
अर्ज आवक टेबलवर दिला. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, हे हेडक्लार्क बाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलंय. वहीत सही केली, शिक्क्याची पोच पाकिटात ठेवली. काम पक्कं.

९ जून
चौकशी लागली. दुसऱ्या विभागातून मॅडम आल्यात. मला वाटलं, आल्या आल्या जुडग्याला गेटबाहेर काढतील. यांनी त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं. आरोप लेखी दिला, उत्तराला तीन दिवस दिले, मदतीला कोणी हवं तर सोबत आणा म्हणाल्या. पाकिटावर 'श्री.' लिहिलं. माझ्या नावाला आजवर कोणी श्री लावलेला नाही.
पुरावा मिळेपर्यंत तो दोषी नाही, असं म्हणतात. मग मी इथे उभ्याउभ्या काय आहे?
एवढा मान मिळत असेल तर आरोप माझ्यावरच व्हायला हवा होता.

१२ जून
मला साक्षीला बोलावलं. मॅडमनी कागदावर तीन रकाने आखले: पाहिलं, ऐकलं, वाटलं. मी तासभर बोललो. 'वाटलं'चा रकाना भरून मागच्या पानावर गेला. 'पाहिलं'मध्ये एकच शब्द: पिशवी.
आत काय होतं ते पाहिलंत का, विचारलं. म्हटलं, फुगलेली होती. त्या म्हणाल्या, "फुगणं हा गुन्हा नाही."
मग विचारलं, सकाळी येताना पिशवी कशी असते. म्हटलं, ते मी कसं बघणार, तो दहाला येतो, मी अकराला. मॅडमनी तेही लिहून घेतलं. माझं बोलणं इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नव्हतं.

१६ जून
जुडग्याने स्वतःहून पिशवी उघडली. आत उशी. कंबर धरते म्हणून खुर्चीत पाठीला लावतो, सकाळी आणतो, संध्याकाळी नेतो. फायली सगळ्या मोजल्या. अकराशे चाळीस. एकही कमी नाही. मी म्हणतो, एखादी तरी न्यायची.
किल्ल्या परत त्याच्या कमरेला.

१८ जून
मॅडमनी बोलावून विचारलं, तक्रार तुमचीच ना? साफ नाही म्हटलं. त्यांनी आवक वही माझ्याकडे फिरवली. 'निनावी अर्ज', आणि पुढे माझी सही. तारखेसकट.
त्या म्हणाल्या, तक्रार चुकली म्हणून शिक्षा नाही. पण रोज अकराला येऊन हजेरीत दहा लिहिता, त्याचं उत्तर द्यावं लागेल. हातात पाकीट दिलं.
वर लिहिलंय, 'श्री.'

२१ जून
मदतीला कोण आणू? सगळ्यांना नेमकी आजच कामं निघाली. शेवटी जुडगाच येऊन बसला. म्हणाला, "खरं तेवढं सांग, बाकी मी लिहितो." उत्तर त्यानेच लिहिलं. अक्षर माझ्याहून चांगलं आहे, त्याचा राग वेगळा.
चौकशी वीस मिनिटांत आटोपली. त्याची आठवडाभर चालली होती. यातही डावंउजवं.

३० जून
जुडगा कायम झाला. माझी नोकरी वाचली, पगार दहा दिवसांचा कापला.
आईचा फोन आला. कायम झालास का, म्हणाली. सांगितलं, ते जरा पुढे गेलंय, पण मोठ्या ऑफिसातनं मॅडम आल्या होत्या, खास माझी चौकशी करून गेल्या.
ती केवढी सुखावली. म्हणाली, "परक्या मुलखात कोणी चौकशी करतंय ना, मग मला घोर नाही."
घरी पाठवतोय: या महिन्याला एकवीसशेच.