हिल्डाबरोबर सिटी बसनं

८ फेब्रु. ९४, मंगळ.
हिल्डा आली. माझा भाऊ अण्णा जर्मनीत जिच्या घरी भाड्यानं राहतो, तिची मुलगी. मद्रासहून सेकंड क्लासनं. आप्पा टॅक्सी घेऊन स्टेशनवर, आणि ही मात्र बस विचारत विचारत राजाजीनगरात, आमच्या दारात! सगळा देश हिंडणार म्हणे, फक्त बस नि रेल्वेनं. आई हळूच, "गरिबाघरची आहे का गं?"

१० फेब्रु., गुरु.
रजा टाकून हि.ला मार्केट, जयनगर दाखवलं. बायका पुढच्या दारानं, पुरुष मागच्या, एवढं सांगावं लागलं. पाटीवरचे कन्नड आकडे तिनं तळहातावर लिहून पाठ केले. एका बाईला थोडं सरकायला सांगताना चक्क कन्नडमध्ये म्हणाली, "स्वल्प जागा बिडी, अक्का." अख्खी बस हसली. बाई सरकली. मला उगाचच अभिमान.

१२ फेब्रु., शनि.
लिहू की नको.
परतीची बस खच्चून भरलेली. हि. मधल्या दांडीला धरून, मी दोन बायकांपलीकडे. मागून रावकाका सरकत आले. आमच्या समाजातले, आप्पांचे स्नेही. मी त्यांना दिसले नव्हते. मला त्यांचा हात दिसला. कुठे गेला तेही.
हि.नं मनगट पकडलं नि ओरडली. बस थांबली. रावकाका कंडक्टरला म्हणाले, ब्रेक लागला, तोल गेला, वयस्कर माणूस मी. मग त्यांनी मला पाहिलं. "ही आमच्यातली मुलगी. विचारा तिला."
हि. म्हणाली, "मंगला, तू बघत होतीस. सांग यांना."
मी म्हटलं, गर्दी होती, मला दिसलं नाही. कन्नडमध्ये म्हटलं. तिला शब्द कळले नसतील. कळलंच.
ती उतरली. मी उतरले नाही.
माझं हुबळीचं स्थळ रावकाकांनीच आणलंय. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी स्थळ डोक्यात नव्हतं. नुसतं तोंड उघडलं नि ते आलं.

१३ फेब्रु., रवि.
हि. बोलत नाही. पोहे खाल्ले, "थँक यू" आईला.
संध्याकाळी रावकाका घरी! केळी घेऊन. "पाहुणीचा गैरसमज झाला हो." आप्पाच उलट माफी मागत होते, "परदेशी मुली, त्यांना आपली गर्दी ठाऊक नाही." चहा मीच नेला. त्यांनी "सुखी राहा" म्हटलं. मी वाकले. का वाकले?
हि. शेजारच्या खोलीत. तिला मराठी येत नाही, हे एक बरं, असं वाटलं. असं वाटलं मला.

१५ फेब्रु., मंगळ.
राहवेना. आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता, "त्यांच्याजवळ उभं राहायचं नाही. लग्न होऊन आले त्याच वर्षी कळलं मला."
"मग मला का नाही सांगितलंस?"
"तू कुठे त्यांच्या बसनं जातेस."
तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. मीही निवडायला बसले. दोघींत मी शिकलेली.

१७ फेब्रु., गुरु.
हि. होस्पेटला गेली. आप्पा म्हणाले ऑटोनं सोड, ती नको म्हणाली. मॅजेस्टिक स्टँडपर्यंत सिटी बसनंच, दोघी. स्टँडवर कसंबसं म्हटलं, "मी पाहिलं होतं."
"माहीत आहे," म्हणाली. रागानं नाही. मग तिनं विचारलं, "त्यांनी तुलाच हात लावला असता नि कुणी विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"
मी तिची पिशवी उचलली. बस लागली होती. तिनं खिडकीतून हात केला, मी केला तोवर बस वळली.
घरी आले तर आप्पा फोनपाशी. रविवारी हुबळीची मंडळी येणार, बरोबर रावकाका. "कळवू ना, सरी, या म्हणून?" नंबर फिरवायला लागले होते.
म्हटलं, "आप्पा, थांबा. रावकाकांबद्दल बोलायचंय."
स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. दारातच उभी राहिली. मला वाटलं, गप्प बस म्हणेल. म्हणाली नाही.
आप्पांनी रिसीव्हर खाली ठेवला नाही. पलीकडे रिंग वाजत होती, मला ऐकू येत होती.