कॉर्नेटचा गंधार

११ जानेवारी
पोलोग्राउंडच्या कारखान्यात, पाळी सुटल्यावर तालीम. संस्थानचा बँड मोडल्यापासून निम्मे वादक तिथेच कामाला. मी रचलेली दरबारी: आठ वाद्यं, तानपुरा, मध्ये कॉर्नेटचा सोलो. तो नानांचा; माझे वडील, त्या बँडचे मास्टर. नोटेशन मला त्यांनी शिकवलं. आज संचालनाची काठी माझ्या हातात.
टेप फेब्रु. अखेर व्हिएन्नाच्या संगीतरचनेच्या वर्गात पोचली पाहिजे. तरच जागा.
गंधाराचं आंदोलन नाना अर्धी कळ दाबून ओठानं काढतात. दुसऱ्या कुणाला येत नाही. आज नऊपैकी चार वेळा सूर फाटला.

१९ जाने.
नानांना सांगितलं: पुढचे दात हलताहेत, ओठ टेकत नाही. सोलो युसूफजींच्या क्लॅरिनेटला देते.
"बरोबर. बँडमध्ये सूर बघतात, नातं नाही."
याच वाक्यानं त्यांनी काकांना, सख्ख्या भावाला, बँडमधून काढलं होतं.
युसूफजी म्हणाले, "बिटिया, मास्टरजी के सामने मैं?"
नाना: "नखरे मत कर, युसूफ. बजा."

२ फेब्रु.
नाना युसूफजींना गंधार गाऊन दाखवतात, तासन्‌तास. आता नीट येतो. स्वच्छ. ढोलवाले मागून म्हणाले, "मास्टरजी की कुर्सी बिटिया ले गई, भिया." सगळे हसले. नानाही.

९ फेब्रु.
रेकॉर्डिंग. युसूफजींच्या ओळखीनं रेडिओवाल्यांचं मशीन, एकच टेप. आवाजाची पातळी बघायला कुणीतरी वाजवायला हवं होतं. नाना आपणहून माइकसमोर गेले. सोलोची पहिली ओळ. गंधार फाटला, तरी थांबले नाहीत.
त्याला लागूनच तानपुरा सुरू झालेला; पुसायला गेलं तर त्याची सुरुवात जाईल. राहू दिलं. टेपसोबतच्या पत्रात लिहिलं: सुरुवातीचा कॉर्नेट रचनेत धरू नये.

३ मार्च
नाना तुकोगंजच्या दातांच्या डॉक्टरांकडून तोंडावर रुमाल धरून आले. वरचे चार दात काढून.
"तूच म्हणालीस ना, हलतात. नवे पक्के बसतील. पुढच्या वेळी सोलो..."
"डॉक्टरांना कॉर्नेटचं सांगितलंत?"
"चणेसुद्धा खाता येतील म्हणाले."
त्यांनी मला आधी विचारायला हवं होतं. मी काढू नका सांगितलं असतं. बहुधा.

२० एप्रिल
कवळी आली. फुंकलं की हलते. सा लागतो. वर नुसती हवा.

६ मे
व्हिएन्नाचं पत्र. क्लॅरिनेट 'सुशिक्षित'. रचना 'नीटनेटकी'. नंतर: जो धरू नये म्हणालात तो कॉर्नेट आम्ही अनेकदा ऐकला. सूर तुटतो आणि तुटल्या जागेवरून पुढे चालतो. असं आम्ही ऐकलेलं नाही. पूर्ण सोलो त्याच वादकाकडून जुलैअखेर पाठवा. जागा तोवर राखून ठेवतो.
दोनदा वाचलं. अर्थ तोच.

७ मे
नानांनी विचारलं, काय म्हणतात?
"क्लॅरिनेटबद्दल लिहिलंय. अजून निर्णय नाही."
"बघ! युसूफला सांग, खूश होईल." मग, "आणि माझं ते सुरुवातीचं?"
"त्याबद्दल काही नाही."
"बरोबर. पुसायलाच हवं होतं."

१५ मे
दुपार. नाना आतल्या खोलीत. कवळी वाटीत काढून ठेवलीय. हिरड्यांवर ओठ दाबून वाजवताहेत. सा. रे तीनदा फाटला, चौथ्यांदा लागला. ओठातून रक्त येतं, म्हणून मांडीवर रुमाल.
मी 'थांबा' म्हणाले नाही.
युसूफजींना विचारलंय, मशीन पुन्हा मिळेल का. नानांना अजून सांगितलेलं नाही.
आता गंधाराकडे जाताहेत.