रविवारच्या पडवीची विल्हेवाट

हे मृत्युपत्र मला लिहावे लागले, कारण माझा धाकटा भाऊ सुलेमान याने गेल्या महिन्यात, मी पडवीत चहा पीत बसले असताना, माझ्या डोळ्यांदेखत माझ्या घराची टेपने मापे घेतली.

मी विचारले, "हे कुणासाठी चाललंय?"

"कुणासाठी म्हणजे? तुझ्यामागे घर माझ्याकडेच यायचं ना, आपा? मग आत्ता मापलं तर काय बिघडलं? जरा तो पाय उचल."

मी पाय उचलला. कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर होते.

तरी मी, हफीजा इब्राहिम सोलकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार राजिवडा, रत्नागिरी, पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. माझी शुद्ध शाबूत आहे. दबाव म्हणाल तर तो मीच इतरांवर टाकत आले. माझ्यावर कोणी टाकल्याचे स्मरत नाही. डॉ. मनिषा खेडेकर यांनी आज सकाळी मला तपासून मी ठणठणीत असल्याचा दाखला दिला आहे. तो हौसेने घेतलेला नाही. मरणाच्या आजारात दिलेले दान आमच्या मुस्लिम कायद्यात मृत्युपत्रासारखेच धरतात, आणि मृत्युपत्राने मला एक तृतीयांशापलीकडे काही देता येत नाही. म्हणून धडधाकट असतानाच हे उरकते.

कलम पहिले. माझे पती जहाजावर इंजिनाचे काम करीत. ते वारले त्याला बरीच वर्षे झाली. आम्हाला मूल नाही. आईवडील नाहीत. वारस एकटा सुलेमान. मी काही न लिहिता मेले तर सगळे त्याचे, आणि लिहून मेले तरी दोन तृतीयांश त्याचेच. आपल्या कमाईचे काय करायचे ते कमावणाऱ्याने ठरवावे, असे मी आयुष्यभर घसा कोरडा करून सांगितले. तेव्हा ही मर्यादा मला टोचायला हवी. ती टोचते. पण ज्या दिवशी त्याने मापे घेतली त्या दिवशी मला पूर्ण मोकळीक असती, तर संध्याकाळच्या आत मी भावाला दारचा नारळही ठेवला नसता. कोणा जुन्या माणसाने माझा तो राग आधीच ओळखून त्याला बांध घालून ठेवला होता, हे नंतर माझ्या ध्यानात आले.

हे मी पडवीत बोलून दाखवले. तिथे समोरच्या खांबाला टेकून जानू भाटकर बसतो. महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माझा नेहमीचा विरोधक. तो म्हणाला, "म्हणजे बंधन चांगलं असतं तर, आपा!"

मी म्हटले, "लादलेलं आणि पाळलेलं यात फरक आहे, जानूभाऊ."

"तो फरक कायद्याला ठाऊक हाय काय?" असे म्हणून तो हसला. या प्रश्नापुरता पुरवणी जोडायचा हक्क मी राखून ठेवते.

कलम दुसरे, पडवीविषयी. हे वाचणाऱ्या कोर्टाला पडवी म्हणजे घराच्या पुढची बसायची जागा एवढेच कळेल, म्हणून लिहिते. मी १९७२ साली राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि वडिलांच्या जाळी-दोराच्या दुकानात बसले. त्या काळी धंद्यात प्रत्येक गोष्टीला परवाना लागे. परवान्याच्या टेबलासमोर उभे राहून मी जेवढे राज्यशास्त्र शिकले तेवढे कॉलेजात शिकले नाही. घर मी त्या दुकानाच्या कमाईतून घेतले. दर रविवारी चारनंतर पडवीत वाद होतो. हेल्मेटची सक्ती, दारूबंदी, पावसाळ्यातली मासेमारी बंदी, प्रकल्पासाठी जमीन घेणे, सर्वांना एकच कायदा असावा का, सिनेमा कोणी बंद करावा, कोणी काय खावे. नियम एकच. आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडायचे, मग आपले. ज्याला हे जमत नाही त्याला चहा मिळतो, पाळी मिळत नाही.

माझे मत सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याच्या अंगाला आणि मालाला धक्का लागत नाही तोवर माणसाला मोकळे सोडावे. हे मत पुस्तकातून आलेले नाही. सुलेमान तरुण असताना त्याची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. मी किनाऱ्यावर उभी होते. समुद्र असा उसळत होता की वाळूवर उभ्या माणसाने मागे सरावे. कोणी हुकूम दिला नाही, कोणी यादी केली नाही, आणि आमच्या वाडीतून, पलीकडच्या वाडीतून, होड्या पाण्यात ढकलल्या गेल्या. त्यात असे दोघे होते ज्यांचे आपसात वर्षभर बोलणे नव्हते. ते एकाच होडीत चढले. सुलेमानला त्यांनीच केसाला धरून वर काढले. माणसे न सांगता काय करू शकतात हे मी त्या दिवशी पाहिले.

जानूने ही गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे. दर वेळी तो तेच विचारतो, "आणि त्या होड्या परत कुठल्या जेटीला लागल्या, आपा? कुणी बांधलेल्या?"

कलम तिसरे. जाळी विणायच्या सुया, दोर कापायचा कोयता आणि वडिलांचा तराजू सुलेमानला, वाट्याखेरीज, त्याची हरकत असायचे कारण नाही. कायद्याची आणि राज्यशास्त्राची सगळी पुस्तके जानूला, म्हणजे वाचले नव्हते ही सबब त्याला राहणार नाही. बँकेतल्या ठेवीचा एक तृतीयांश भाग खाडीच्या तोंडाशी बुडणाऱ्यांना काढणाऱ्या पोरांच्या मंडळाला, लाइफजॅकेटसाठी. सरकारी अनुदान मिळेपर्यंत थांबू नये. ज्या गृहस्थाने माझ्या पतीच्या मयताच्या दिवशी दुकान किती दिवस बंद राहणार अशी चौकशी केली, त्याच्यासाठी काहीही ठेवलेले नाही. ते मुद्दाम ठेवलेले नाही.

कलम चौथे. घर.

सुलेमानची मुलगी नबीला सावर्ड्याला ज्युनिअर कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवते आणि रविवारी इथे येऊन माझ्याशी भांडते. तिच्या मते सरकार हवे, जास्त हवे, आणि चांगले हवे. पावसाळ्याअखेर एका रविवारी तिने माझे म्हणणे इतके नीट मांडले की मीही तसे मांडले नसते. मग म्हणाली, "फुफी, तुमचं स्वातंत्र्य घरमालकाचं आहे. मी भाड्याच्या खोलीत राहते. मालकीण विचारते, उशीर का झाला, कोण आलं होतं, फोडणीला काय घातलंस. उलट उत्तर दिलं तर खोली सोड म्हणते. तिला सरकार लागतच नाही. तिचं घर, तिचं स्वातंत्र्य. माझं कुठंय?"

इतकी वर्षे बोलते आहे, आणि भाचीने एका दमात मला तिथे नेऊन उभे केले जिथे मी कधी उभी राहिले नव्हते.

सरकारने तिला खोली द्यावी असे मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावे, असे मात्र मला म्हणावेच लागेल. घर माझ्याकडे आहे. भाऊ हयात असताना भाची वारस होत नाही, आणि एक तृतीयांशात घर बसत नाही. उरतो हिबा, म्हणजे जिवंतपणी मोबदल्याशिवाय दिलेले दान. त्याला तीनच गोष्टी लागतात. देणाऱ्याने 'दिले' म्हणावे. घेणाऱ्याने 'कबूल' म्हणावे. आणि देणाऱ्याने ताबा सोडून बाहेर पडावे. माझ्या आईने आपल्या पाटल्या मला अशाच दिल्या. दोन माणसांचे शब्द आणि एक उंबरा, एवढ्यावर मालकी इकडून तिकडे जाते. सरकारवाचून चालणाऱ्या गोष्टी मी जन्मभर शोधल्या. एवढी मोठी गोष्ट माझ्याच दारात पडली होती, आणि तिच्याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते.

मी मसुदा केला आणि मागच्या रविवारी पडवीत वाचला. सुलेमानला मुद्दाम बोलावले होते. मसुद्यात असे होते: घर नबीलास दिले; मात्र तिने ते कधीही विकू नये, आणि दर रविवारी पडवीत चर्चा चालू ठेवावी.

सुलेमान आधी उठला. "माझी पोरं, कैफ आणि जुनेद, कुवेतहून परत आली की राहणार कुठं? मी तिथं दोन मजले चढवणार होतो, आपा. मी काय परका आहे?"

"परका नाहीस. म्हणून तर तुझ्या समोर वाचते."

मग सगळ्यांनी नबीलाकडे पाहिले. ती हातातला कप खाली ठेवून म्हणाली, "कबूल नाही."

मला वाटले, बापाच्या भिडेने म्हणते. तसे विचारलेही.

"अब्बांचा संबंध नाही. फुफी, कोणी कुणाला बांधू नये हे मला तुम्हीच शिकवलंत. आता तुम्ही कबरीतून मला दर रविवारी चारला पडवीत बसवणार?"

जानू खांबाची टेक सोडून सरळ झाला. "आपा, ह्ये तर सरकारच झालं की. एका घरापुरतं, पण सरकारच."

सगळे हसले. सुलेमानसुद्धा हसला, आणि तो हसला याचे मला त्या वेळी फार वाईट वाटले.

मी चिडून म्हटले, "हिबाला घातलेली असली अट कायद्यात टिकत नाही. दान राहतं, अट गळते. तुला हे ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," नबीला म्हणाली. "म्हणूनच नाही म्हणते. आज होकार देऊन उद्या तुमची अट गळायची वाट बघणं मला जमणार नाही."

हे वाक्य मी इथे अक्षरशः लिहून ठेवते, कारण ते कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तिला फक्त 'हो' म्हणायचे होते. घर तिचे झाले असते, आणि माझी अट वाऱ्यावर गेली असती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलीने, हातात आलेले घर, माझ्या शब्दाला खोटेपणा लागू नये म्हणून परत केले. त्या रविवारी खाडीला भरती होती. पाणी वर चढत होते आणि मी त्याच्याकडे असे बघत होते की जणू पहिल्यांदाच बघते आहे. मोकळ्या माणसाची इतकी मोठी उंची मी मतात मांडली होती. डोळ्यांनी पाहिली नव्हती.

अट मी त्याच बैठकीत खोडली, तेव्हा घर आज तिला बिनशर्त देते. नंतर पडवी राहो, भाड्याने जावो, नबीलाने ती पाडून तिथे गाडी उभी करो. घर तिने विकले तर तिचे बरोबर असेल, आणि बापाला वरचे मजले चढवू दिले तरी तिचेच बरोबर असेल. ती कोणत्या पक्षाला मत देते हे घराला विचारायचे कारण नाही.

कलम पाचवे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जानू भाटकर याने करावी. कागद वेळेवर आणि सरकारी पद्धतीने होतील, एवढा विश्वास मी त्याच्यावर टाकते. मी गेल्यावर माझ्याविषयी भाषणे करू नयेत. वाद घालायला हरकत नाही.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचले, आणि खालील साक्षीदारांसमोर सही केली.

हफीजा इब्राहिम सोलकर

साक्षीदार:
डॉ. मनिषा खेडेकर
सुलेमान हसन मुकादम, भाऊ आणि वारस. (साक्षीदाराने सही करताना म्हटले, "आपा, मला पटलेलं नाही, पण तू लिहिलंस ते माझ्या समोर लिहिलंस." हे त्याच्या सांगण्यावरून नोंदवले.)

राजिवडा, रत्नागिरी. रविवार, १४ डिसेंबर २०२५.

ताबा दिल्याची नोंद

आज दुपारच्या जेवणानंतर मी पडवीत उभी राहून, वरील साक्षीदार आणि जानू भाटकर यांच्या समोर म्हटले, "हे घर मी नबीलाला दिले." नबीलाने म्हटले, "कबूल आहे." मी माझे अंथरूण काखेत घेऊन फाटकाबाहेर, शेजारच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. सुलेमानने माझी ट्रंक उचलली. कोणी सांगितले नव्हते. नबीला आत गेली आणि तिने दार लावून घेतले. रीतीप्रमाणे ते तसे व्हायलाच हवे होते. जांभ्याच्या त्या भिंती तशाच होत्या, दार तेच होते, आणि माझे काही नव्हते. फार हलके वाटले, आणि थोडी भीतीही वाटली.

मग मी पायऱ्या चढून दार वाजवले.

"कोण?"

"हफीजा."

दार उघडले. "या फुफी. बसा. मी चहा टाकते."

नबीला सुलेमान मुकादम हिच्या हाती दिले ते असे: राहते घर, पडवी आणि मागचे अंगण, जसे आहे तसे. पुढच्या व मागच्या दाराच्या किल्ल्या. विहिरीच्या पंपाची किल्ली. घरपट्टीची आणि विजेची चालू पावती. दारचे दोन नारळ, रतांब्याचे म्हणजे कोकमाचे एक झाड. पडवीतल्या खुर्च्या, त्यातली एक मोडकी. घर खरेदीचा मूळ दस्त.

हे सर्व मिळाले. नबीला सु. मुकादम