मेलंय का नुसतं बसलंय

आण्णा, आज इस्लामपूरच्या माझ्या शाळेत नववीला इंग्रजी वाक्प्रचार शिकवत होते. ‘फ्लॉगिंग अ डेड हॉर्स’. मेलेल्या घोड्याला चाबूक मारत बसणं. ज्यातून काही निघणार नाही, त्यासाठी उगाच झिजणं. एक मुलगी पटकन म्हणाली, "बाई, म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी!" जवळपास तेच, म्हणत मी फळ्याकडे वळले आणि तुम्ही आठवलात.

आईला अर्धांगवायू झाला, त्यानंतरचं साताऱ्याचं आपलं स्वयंपाकघर. पाय जरा चालू लागलेत, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टरांनीही आशा सोडली आहे. तुम्ही मात्र रोज सकाळी तिला खुर्चीत बसवता, वाफाळता कप पुढे धरता आणि म्हणता, "म्हण, चा. चा." ती नुसती तुमच्याकडे बघते. बाहेर सोप्यात मी शिकवणीच्या मुलांना हाच वाक्प्रचार समजावतेय. कप हातात घेऊनच तुम्ही दारात येता.

"काय गं, घोड्याचं काय?"

मी अर्थ सांगते. सगळी नोकरी तुम्ही पलटणीच्या खेचरांमागं काढलेली.

"मेलेल्या जनावराला कोण मारतंय? पर मेलंय का नुसतं बसलंय, ते आदी बघाय पायजे. चढावर आमची खेचरं अशीच बसायची. लोक म्हनायचे, ग्येलं. जरा कानामागं खाजवलं, की उटायची."

आणि आत जाऊन पुन्हा, "म्हण, चा."

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी आईनं तो कप बाजूला सारला आणि खणखणीत म्हणाली, "पुरं!" तुम्ही इतके हसलात की चहा लेंग्यावर सांडला. तसेच गल्लीत धावलात. "आवं, बोलली! मलाच दटावलं की!"

पुढे ‘पाणी’ आलं, ‘नको’ आलं, माझं नाव आलं. तुम्ही होतात तोवर ती तेवढ्यावरच थांबली, आणि आजही तेवढ्यावरच आहे.

आता ती माझ्याकडे असते. संध्याकाळी उंबऱ्यावर बसून बोटांनी हवेतल्या मिशीला पीळ देते, म्हणजे विषय तुमचा. मग बराच वेळ अस्फुट आवाजांत काहीबाही सांगत राहते. खरं सांगू, आण्णा? मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. मी "व्हय, व्हय" म्हणत राहते, आणि ती हसली की मीही हसते.