मंदावहिनींच्या दुखण्याचं नाव

मुंबई, १० फेब्रुवारी १९५७

प्रिय हरिहर,

विलायतेहून परतून मला दोन वर्षं झाली आणि कल्याण काही लांब नाही. तरी तुझ्याकडे आलो नाही. कामाचं निमित्त सांगत आलो, ते निम्मं खरं आहे. मेंदूची शस्त्रक्रिया करणारे आपल्याकडे मोजकेच. त्यामुळे पडून कवटी फुटलेले, कान फुटून मेंदूत पू झालेले, मणक्यात गाठ होऊन पाय गेलेले, फिट्स येणारे, सगळे आमच्याच दारात. घरचे मला 'डोकेफोड्या' म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा दवाखाना तुमच्या आळीत होता तेव्हा मी तुमच्याकडेच जेवायचो. मंदावहिनींच्या हाताला काय चव होती! मग एके दिवशी पानात करपलेला भात आला. पुढे आंबलेली आमटी. त्या शांतपणे वाढत राहिल्या आणि मी मूर्खासारखी थट्टा केली. मग दूध उतू जाताना नुसतं बघत बसणं, उगाच हसणं, तीन वर्षांच्या नीलाला विहिरीशी विसरून येणं. सगळ्यांनी वेड म्हटलं, मीही म्हटलं. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळासाठी दाखला लागला, तो मी दहा मिनिटांत लिहून दिला.

गेल्या आठवड्यात तिथे दुसऱ्याच एका रुग्णाला तपासायला मला बोलावलं होतं. व्हरांड्यात वहिनी बसल्या होत्या. तिथल्या लोकांनी त्यांना नीट सांभाळलंय. का कोण जाणे, मी स्वयंपाकघरातून हिंगाची डबी मागवून त्यांच्या नाकाशी धरली. काही नाही. कॉफी धरली, तेही नाही. त्यांना वासच येत नाही रे! तेव्हाही येत नसणार, म्हणून तर भात करपलेला कळत नव्हता. एवढी साधी परीक्षा मी त्या वेळी केली नाही. उजवा डोळा गेलाय, डावा अधू आहे. त्यांना मुंबईला आणून एक्स-रे काढला. कपाळामागे मेंदूच्या आवरणाची गाठ आहे, वर्षानुवर्षं वाढत मेंदू दाबणारी. कर्करोग नव्हे. वहिनी वेड्या नाहीत, हरिहर. कधीच नव्हत्या.

गाठ काढता येईल. वास आणि उजवी दृष्टी परत येणार नाही. पण बोलणं, माणसांची माया, पुष्कळसं येईल असं मला वाटतं. पाचांत एक रुग्ण यातून उठत नाही, हेही लपवत नाही. माझ्या हातून नको असेल तर तसं सांग, दुसरा सर्जन बघतो. मला राग येणार नाही.

परवानगीच्या कागदावर तुझी सही हवी. तेवढ्यासाठी माणूस पाठवता आला असता. पण आई टायफॉईडने गेली असं नीलाला सांगावं का, हे तू मला विचारलं होतंस आणि मी मान डोलावली होती. ते खोटं आता मोड. दोष माझ्या नावावर घाल, पण तिला खरं सांग आणि बरोबर घेऊन ये. ऑपरेशन एकवीस तारखेला, गुरुवारी आहे. बुधवारी संध्याकाळी वहिनींचं डोकं भादरतील. त्याआधी ये. इथली आया रोज सकाळी त्यांची वेणी घालते. नीलाने आईला तशी बघावी.

तुझाच अपराधी,
मधु