बारा खाचांचा पासवर्ड

३ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
फोन म्हणतो, जागा संपली. सोळाशे बारा फोटो आहेत. पैकी नातेवाईक चाळीसेक, बाकी सगळ्या किल्ल्या. प्रत्येक किल्ली सपाट ठेवलेली, शेजारी पोलादी पट्टी, उजेड डावीकडून. अशा फोटोवरून मी मूळ किल्ली न बघता दुसरी कापतो. समोरच्या दुकानदाराकडे मशीन आहे. माझ्याकडे नजर आहे, आणि ती कुणी शिकवलेली नाही.
मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, क्लाउड चालू करून दिलाय ना मी, फोटो आपोआप वर जातात. वर म्हणजे नक्की कुठे, विचारलं. वर म्हणजे वर, म्हणाली. कॉलेजात हेच शिकवतात.

५ फेब्रुवारी
मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई दुकानात. बेचाळीस खोल्यांच्या जादा किल्ल्यांचा जुडगा हरवलाय. नवा जुडगा वीस तारखेपर्यंत हवा, एकवीसला तपासणी आहे. कुलपं काढावी लागणार का, मुलींच्या परीक्षा चालू आहेत, म्हणाल्या. म्हटलं, एकाही दाराला हात लावणार नाही. सगळ्यांचे फोटो आहेत.
बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, आमच्या मुलींच्या खोल्यांचे? आणि ते कुणाच्या हाती लागले तर?
म्हटलं, बाई, तीस वर्षं कुलपांत गेली माझी.
बाई म्हणाल्या, ते नाही विचारलं मी.

६ फेब्रुवारी, दुपारी ३.१५
दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहितोय.
मुलीने क्लाउडचं खातं वेगळं काढलंच नव्हतं. स्वतःच्याच खात्यात मला घुसवलं होतं. आज जावयांनी ऑफिसात तिचा टॅब मोठ्या पडद्याला जोडला आणि चौदा माणसांसमोर, मंद संगीतासह, ‘आजच्या दिवशी, दोन वर्षांपूर्वी’ असं म्हणत वसतिगृहाच्या मुख्य दाराची किल्ली प्रकट झाली. पट्टीसकट. जावई म्हणाले, फोटो मात्र सगळ्यांना आवडला, काय शार्प आलाय.
क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं, पट्टीवरचे आकडेही तितकेच शार्प.

७ फेब्रुवारी
कंपनीच्या अटी वाचल्या. अडतीस पानं. सेवा सुधारण्यासाठी आमचे फोटो ‘तपासले जाऊ शकतात’. कोण तपासणार, किती वाजता, काही नाही.
संकल्प: या खात्याला असं कुलूप लावायचं की खुद्द कंपनीने हात टेकले पाहिजेत.

९ फेब्रुवारी, सायं. ७
झालं.
स्वतंत्र खातं. सगळे फोटो त्यात. मुलीच्या टॅबवरून पुसले, माझ्या फोनवरून पुसले, कचऱ्याच्या डब्यातूनही पुसले. खात्यातला माझा फोन नंबर काढून टाकला. कंपनीला काय करायचाय? मुलीचा ईमेलही काढला. ओळख पटवायचे तीन प्रश्न होते: पहिली शाळा, आवडता रंग, आईचं नाव. खरी उत्तरं द्यायची म्हणजे किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं. तिन्ही खोटी दिली.
बायको म्हणाली, आईचं नाव खोटं घालताना हात कसा धजावला तुमचा? सुरक्षेत भावना आणून चालत नाही, म्हटलं. भिंतीवरचा माझ्या आईचा फोटो फडक्याने पुसून पुन्हा खिळ्याला लावला तिने, माझ्याकडे न बघता.

१० फेब्रुवारी
पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, हे तर पोरंही जाणतात. डोक्यातही ठेवायचा नाही, डोक्याचा भरवसा चाळिशीपर्यंतच. म्हणून मी तो किल्लीवर कापला.
पुढे दोन अक्षरं (माझ्या नावाची), मग बारा आकडे. स्कूटरची कोरी किल्ली घेतली, दोन्ही बाजूंना सहा-सहा खाचा. खाचेची खोली म्हणजे आकडा. खोली मोजायला कॅलिपर लावला की पासवर्ड तयार. आकडे लहान निवडले, म्हणजे खाचा उथळ राहतात आणि किल्ली मजबूत. जगात कुणाला सुचलं नसेल.
तिचाही फोटो काढून ठेवावा असं वाटलं. मग स्वतःलाच हसलो.
लपवली कुठे? किल्ल्यांतच. फळीवर, डावीकडून चौथा खिळा, तयार कामांच्या ओळीत. काम झालं की खात्यातून बाहेर पडायचं, हा नियम. दार उघडं टाकून जात नाही आपण.

१२ फेब्रुवारी
निवृत्त पोस्टमास्तर स्कूटरची जादा किल्ली न्यायला आले. नेमका तेव्हाच मुलीचा फोन. बाबा, निदान माझा नंबर तरी राहू द्यायचा होता खात्यात, उद्या काही झालं तर? तिला प्रायव्हसी म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं. बोलता बोलता मागे न बघता किल्ली काढून पोस्टमास्तरांच्या हातावर ठेवली. तीस वर्षांत फळीकडे वळून बघावं लागलेलं नाही.
वसतिगृहाचं काम सोमवारी सुरू करू. घाई नाही. चार दिवसांचं तर आहे.

१३ फेब्रुवारी
पोस्टमास्तर परत. किल्ली लागत नाही म्हणाले. माझी किल्ली लागत नाही, हे वाक्य मी या जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तुमचं कुलूप झिजलंय, म्हटलं. ते म्हणाले, जुन्या किल्लीने उघडतंय की हो. असेल.
तेल सोडलं. कानस घेतली. घासायचं, घालून बघायचं, पुन्हा घासायचं. बाराच्या बारा खाचा मारल्या. वीस मिनिटांत लोण्यासारखी फिरली. पोस्टमास्तर म्हणाले, तुमच्या हाताला तोड नाही.
हे मात्र लिहून ठेवण्यासारखं.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०
वसतिगृह सुरू. चौथ्या खिळ्यावरची किल्ली काढली, कॅलिपर लावला, आकडे टाकले. पासवर्ड चुकीचा.
टोकाकडून वाचले. चुकीचा. मुठीकडून वाचले. चुकीचा. खालची बाजू आधी घेतली. खातं तासाभरासाठी बंद.

१६ फेब्रुवारी, दुपारी १२.३०
कॅलिपर तपासला. बिनचूक आहे. म्हणजे कंपनीची चूक.
ओळखीच्या प्रश्नांकडे वळलो. खरं उत्तर एक असतं. खोटी किती असतात याचा विचार त्या दिवशी केला नव्हता. आवडता रंग: मला न आवडणारे सगळे टाकून पाहिले. शाळा: माहीत असलेल्या सगळ्या शाळा. आईचं नाव टाकताना बायको मागे उभी होती. म्हणाली, खरं टाकून बघा एकदा. टाकलं. तेही चुकीचं.
मुलगी म्हणाली, नंबर असता तर दोन मिनिटांचं काम होतं, बाबा. माझ्याकडे असते तर मी पाठवले असते फोटो. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं.

१७ फेब्रुवारी
जेवताना सुचलं. तसाच उठून दुकानात गेलो, हातही धुतला नाही.
फळीवर स्कूटरच्या दोन किल्ल्या होत्या. चौथ्या खिळ्यावर माझी. पाचव्यावर पोस्टमास्तरांची, असं डोक्यात होतं.
पण पाचवा खिळा गेल्या आठवड्यात ढिला झाला होता. मीच तो बाजूला काढून ठेवला होता. आणि त्यांची किल्ली चौथ्यावरच, माझ्या किल्लीच्या मागे अडकवली होती.

१७ फेब्रुवारी, सायं. ५
पोस्टमास्तरांच्या घरी गेलो. चहा घ्या म्हणाले. नको, फक्त किल्ली बघू द्या, म्हटलं. कॅलिपर लावला. बाराच्या बारा खाचा खोल, गुळगुळीत, एकसारख्या. माझंच काम. पितळ घासून कमी करता येतं. परत लावता येत नाही.
काही अडचण? विचारलं त्यांनी. नाही, झीज पाहायला आलो होतो, म्हटलं. असा दुकानदार आता मिळत नाही, असं त्यांनी बायकोला आत हाक मारून सांगितलं.

१८ फेब्रुवारी
रेक्टरबाईंना कळवलं की सुरक्षेच्या कारणास्तव फोटो वापरणार नाही, प्रत्येक कुलूप जातीने काढीन. बाई म्हणाल्या, मग ते फोटो आहेत कुठे? अतिशय सुरक्षित आहेत, म्हटलं. हे खरं आहे.
दिवसभरात सहा खोल्या. सातव्या दारावर कागद: ‘अभ्यास चालू, ठोकू नये.’ गुडघ्यावर बसून एक तास वाट पाहिली.

१९ फेब्रुवारी
अकरा खोल्या झाल्या. दुपारी बाईंनी समोरच्या मशीनवाल्याला बोलावलं. उरलेल्या एकतीस त्याच्या. तो जिन्यात भेटला, म्हणाला, काका, पेटी द्या, मी खाली नेतो. दिली.
संध्याकाळी फोनवर कंपनीचं पान उघडून बसलो. तिथे लिहिलंय: तुमचे फोटो फक्त तुम्हीच पाहू शकता.

२० फेब्रुवारी
मशीनवाल्याने काम वेळेत दिलं.
नवी वही आणली, रेघांची. किल्ल्यांची मापं आता हाताने लिहिणार.
अकरा वाजता पोस्टमास्तर आले. ती किल्ली इतकी सुरेख चालते की अगदी तशीच आणखी एक करून हवी, मुलाला द्यायला. बारा खाचा मोजल्या आणि पहिल्या पानावर लिहून घेतल्या. करून दिली.
पहिल्या फटक्यात लागली.