मिनिटाला चाळीस थेंब

१५ जुलै २०२५, मंगळवार. मुलुंड.
पुण्याहून सकाळी पोहोचले. भांडुपच्या एका प्लांटमध्ये दोन आठवडे फ्लो मीटर कॅलिब्रेट करायचे आहेत. कंपनी हॉटेल देत होती, पण मी माणिकआत्याकडे राहते म्हटलं. कारण ओजस. आत्याचा मुलगा, हैदराबादला असतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. आई एकाहत्तरची, एकटी राहते, तिला इकडे आणायचं म्हटलं तर ऐकत नाही. तू जातेच आहेस तर बघ आणि खरं काय ते मला सांग. म्हणाला, घरात एक तूच आहेस जी वाढवून सांगत नाही.
म्हणजे मी पाहुणीही आणि निरीक्षकही. निरीक्षकाचं आत्याला माहीत नाही. हे लपवणं नव्हे. तिने विचारलं तर सांगेन.
पहिल्या दिवसाची निरीक्षणं: गॅस बंद केलेला. गोळ्या वेळेवर. दोन वर्षांपूर्वी मला आलेल्या एका स्थळाचं नाव, कंपनी आणि त्याच्या आईचं माहेर, तिन्ही तिला आठवतात. मला एकही आठवत नाही.
संकल्प: रोज नोंद. फक्त तथ्यं.

१७ जुलै, गुरुवार. रात्री ८.
घटना. वेळ सायंकाळी ६.२०. आत्या भजनी मंडळात गेलेली.
वस्तू: काचेचं अभिषेकपात्र. आतोबा एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. तांब्याच्या पात्राचं भोक कधी धार सोडतं, कधी तुंबतं, म्हणून त्यांनी लॅबच्या काचवाल्याकडून हे करून घेतलं. वर पेरूएवढा फुगा, खाली नळी, मध्ये फिरवायची काचेची चावी. मिनिटाला चाळीस थेंब. आतोबा घड्याळ घेऊन शेजारी बसायचे. मला ते आवडायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आत्या ते पात्र फक्त श्रावणी सोमवारी काढते, एरवी ते खोक्यात, माळ्यावर.
काल ती म्हणाली, चावी घट्ट झालीय, गेल्या वर्षी थेंब पडेचना. मी ठरवलं की तिच्या नकळत दुरुस्त करून ठेवायचं. अडकलेली चावी बाहेरून हलकी गरम केली की सुटते, हे पुस्तकात आहे. मात्र काच बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी हवी. लॅबची वस्तू, म्हणून बोरोसिलिकेट धरली आणि गॅसवर फिरवली. निघाली साधी जुनी काच.
मोठे तुकडे तीन. बारीक मोजले नाहीत.
चूक माझी नाही, गृहीतकाची.
तुकडे आणि खोका लॅपटॉपच्या बॅगेत भरले. आत्या साडेसातला आली. काय फुटलं, असं तिने विचारलं नाही, कारण ती घरात नव्हती. त्यामुळे सांगण्याचा प्रसंग आला नाही.

१८ जुलै, शुक्रवार.
पहिला श्रावणी सोमवार २८ला. माझी परतीची गाडी २९ला. हातात दहा दिवस. तसंच पात्र स्वतः करायचं आणि माळ्यावर ठेवायचं. आत्याला त्रास शून्य.
साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत सहदेवकाका म्हणून आहेत. चाळीस वर्षं लॅबची काच फुंकतात. आता गाळ्यात शिकवतातही, एका वेळी एकच माणूस, सगळं त्याच्याच हाताने. फोनवर विचारलं, कित्याक शिकूचा आसा? मी म्हटलं, प्रवासात असताना काहीतरी नवीन शिकायची मला सवय आहे. सवय आजपासून.

१९ जुलै, शनिवार.
घाटकोपरहून मेट्रो. गाळा नंबर ११. टेबलावर बर्नर, डोळ्यांना गुलाबी चष्मा. काकांना तुकडे दाखवले, मैत्रिणीचे म्हणून. जोडता येतील का विचारलं. म्हणाले, जुनी काच नव्या काचेबरोबर नांदत नाय. आणि तुकडे भंगाराच्या ड्रममध्ये टाकले. मला हलकं वाटलं. पुरावा गेला. (पुरावा हा शब्द गुन्हा असेल तरच. म्हणून: तुकडे गेले.)
काका म्हणाले, माप सांग, अर्ध्या तासात करून देतंय. मी नकार दिला. दुसऱ्याने केलेली वस्तू आत्याची म्हणून ठेवणं ही फसवणूक झाली असती. मी स्वतः केली तर ती भरपाई.
धडा पहिला: नळी ज्योतीत धरून दोन्ही हातांनी एकाच वेगाने फिरवणे. माझा उजवा हात डाव्याच्या पुढे जातो, साधारण वीस टक्के. नळीला पीळ पडला. काका म्हणाले, चादर पिळतंस काय गो?
आत्याला सांगितलं, प्लांटवर जादा काम.

२१ जुलै, सोमवार.
धडा दुसरा: फुंकणे. काच मऊ झाली की ज्योतीबाहेर काढायची, मग फुंकायची. पहिल्यांदा जोर जास्त झाला. फुगा साबणाच्या फेसासारखा पातळ झाला आणि फुटला, गाळाभर पापुद्रे उडाले. काकांच्या चहात एक पडला. त्यांनी चहा ओतला आणि आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत राहिले. दुसऱ्यांदा जोर कमी, काहीच झालं नाही.
नळ्या चौदा. फुगे शून्य. पण शून्यातही प्रगती आहे: शेवटचा फुगा फुटायला जास्त वेळ लागला.
घरी पोहोचायला नऊ वाजले. आत्या जेवायची थांबली होती. भाकरी पुन्हा गरम केली. म्हणाली, त्या प्लांटवाल्यांना आई-बाप नाहीत का गं?

२३ जुलै, बुधवार.
आज एक फुगा टिकला. आकार वांग्याचा. पेरूपासून वांगं फार लांब नाही.
डाव्या हाताची दोन बोटं भाजली. गरम काच आणि थंड काच दिसायला सारखीच असतात. आत्याला सांगितलं, वाफ लागली. तिने कोरफड कापून लावली आणि माझ्या साहेबाचा नंबर मागितला. म्हणाली, मी बोलते त्याच्याशी, पोरीला राबवायचं आणि वर भाजायचं? नंबर नाही म्हटलं. साहेबाचा नंबर नसलेली इंजिनिअर. तिने विश्वास ठेवला.
संकल्प: परत गेल्यावर आत्याला आठवड्यातून दोनदा फोन.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या.
हा दिवस मी हिशेबात धरलाच नव्हता. आज घरातले सगळे दिवे काढून घासतात. आत्याने समया, निरांजनं, लामणदिवा पाटावर मांडला आणि म्हणाली, चढतेस का, ते पात्रही उतरव, सोमवारला धुऊन ठेवते.
चढले. दहा मिनिटं शोधलं. नाही हे माहीत असूनही नीट शोधलं, अगदी मागच्या सुटकेसपर्यंत. खाली येऊन सांगितलं, दिसत नाहीये. हे तथ्य आहे.
आत्या स्टुलावर चढायला निघाली. मी अडवलं. ती खाली बसली. म्हणाली, मग मीच कुठेतरी ठेवलं असणार.
तेव्हा सांगता आलं असतं. पण तिच्या हातात गरम कणकेचे दिवे होते.

२५ जुलै, शुक्रवार. श्रावण सुरू.
आत्याने तीन कपाटं रिकामी केली. तांदळाच्या डब्यात हात घालून पाहिलं. शेजारी दोन घरी विचारून आली, मी तुम्हाला दिलंय का म्हणून. दुपारी एक वही काढली आणि घरात काय कुठे आहे ते लिहायला बसली. सात पानं झाली. सगळं बरोबर लिहिलंय, मी तपासलं.
ओजसला तिनेच फोन करून सांगितलं, माझ्या हातून तुझ्या बाबांचं पात्र हरवलं, कसं ते आठवत नाही. मग ओजसने मला फोन केला. खरंय का विचारलं. मी म्हटलं, कालपासून शोधतेय ती. ओजस म्हणाला, मला हीच भीती होती. उद्या साडेदहाला मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, तू बरोबर जा.
पात्र सोमवारपर्यंत सापडलं की प्रश्नच मिटेल. म्हणजे केलं की.

२६ जुलै, शनिवार.
डॉक्टरांनी आत्याला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पेरू, कात्री, बस. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आत्या दोनपर्यंत उतरली आणि म्हणाली, याच्या खाली न्यायचंय का? तीन शब्द बरोबर सांगितले, उलट क्रमानेही. भिंतीवरच्या सर्टिफिकेटात डॉक्टरांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, हेही सांगितलं.
मग डॉक्टर माझ्याकडे वळले. तुम्ही सोबत राहताय, तुम्हाला काही जाणवलं?
मी म्हटलं, तसं विशेष काही नाही, फक्त ते पात्र सापडत नाहीये.
डॉक्टरांनी लिहिलं. उलट्या बाजूने वाचता आलं: नातेवाइकांच्या सांगण्यानुसार वस्तू हरवतात. खाली: एकटं राहणं शक्यतो टाळावं. खाली: एमआरआय.
रिक्षात आत्याने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर विचारलं, ओजसकडे देवघर कुठल्या भिंतीला आहे, तू पाहिलंयस ना?
तीन वाजता गाळ्यात. पात्र झालं. फुगा एका बाजूला कलंडलेला. नळी सरळ रेषेपासून साधारण अकरा अंश बाहेर. चावी मला घासता येईना, म्हणून काकांनी जुन्या स्टॉकमधली जोडली. तेवढीच बाहेरची मदत. काका म्हणाले, माका दी, पाच मिनटात सरळ करतंय. मी दिलं नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. त्यांनी खांदे उडवले आणि पात्र रात्रभर हळूहळू निवायला भट्टीत ठेवलं.

२७ जुलै, रविवार.
सकाळी पात्र आणलं. तडा नाही. बाथरूममध्ये थेंब मोजले: पहिल्या मिनिटाला सव्वीस, दुसऱ्या मिनिटाला एकसष्ट. सरासरी साडेत्रेचाळीस. लक्ष्य चाळीस. ठीक.
आत्या वाण्याकडे गेली तेव्हा जुन्या खोक्यात घालून माळ्यावर सुटकेसच्या मागे ठेवलं. पाच वाजता 'सापडलं'.
आत्या ओल्या हातांनीच धावत आली. खोका उघडला. फार वेळ पाहत राहिली. फिरवून पाहिलं. मग विचारलं, हे ते आहे?
मी म्हटलं, दुसरं कुठलं असणार? (प्रश्नार्थक वाक्य खोटं ठरत नाही.)
ती म्हणाली, मला सरळ आठवतंय गं. चाळीस वर्षं मी ते सरळच पाहिलं. म्हणजे आता डोळ्यांपुढचं आणि डोक्यातलं जुळेनासं झालं.
मग तिने ओजसला फोन लावला. म्हणाली, ये रे बाबा, घेऊन जा मला. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.
माझी योजना पूर्ण झाली. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे नाही.

२८ जुलै, सोमवार.
सकाळी ६.४०. आत्याने पात्र पिंडीवर टांगलं. तीन थेंब पडले. मग काही नाही. मग एकदम धार, देवघराच्या बाहेर, तिच्या पायावर. तिने चावी इकडे फिरवली, तिकडे फिरवली, आणि पिंडीला म्हणाली, चुकलं असेल माझंच काहीतरी.
मी सांगितलं. १७ तारखेपासून, क्रमाने. गॅस, तुकडे, ड्रम, गाळा, वांगं, बोटं, माळा. वाचून दाखवल्यासारखं झालं, पण मला दुसरं येत नाही.
आत्याने चावी बंद केली. विचारलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारीच बसली होतीस ना? हो म्हटलं. मी सात-सात वजा करत होते तेव्हाही तुला माहीत होतं? हो. म्हणाली, मी तांदळात हात घालून शोधत होते गं.
मग तिने पात्र काढलं आणि पळीने अभिषेक केला. मी उभी राहिले. बस म्हणाली नाही.
८.१५. तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. ओजसला सांग म्हणाली. सांगितलं. ओजस हसला. आधी म्हणाला, तू? खोटं? दहा दिवस? मग आवाज मऊ झाला. आईला जायचं नाहीये म्हणून तिने तुला हे सांगायला लावलं ना? की तूच तिच्यासाठी अंगावर घेतेयस? तुझं मन इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. मी शपथ घेतली. म्हणाला, बघ, तू कधी शपथ घेत नाहीस.
तुकडे दाखव म्हणाला. तुकडे ड्रममध्ये. मग मी केलेल्या पात्राचा फोटो पाठवला. पुरावा म्हणून.
९.०५. त्याचं उत्तर आलं: हे तू केलेलं असूच शकत नाही. तू एवढं वाकडं काही करणार नाहीस. शनिवारी गाडी घेऊन येतोय, आईचं सामान भरून ठेव.
आत्याने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, मग पात्राकडे. म्हणाली, माझा बसतो विश्वास. उद्याचं तिकीट रद्द कर. आधी डॉक्टरकडे जाऊन तो कागद बदलून आण, मग तुझ्या त्या काचवाल्याला शनिवारी इथे जेवायला बोलव. ओजस येईल तेव्हा तू तोंड उघडायचं नाहीस. तो काचवालाच बोलेल.